रिकाम्या चालीचा इतिहास: कार्बोरेटरच्या स्क्रूपासून इंजेक्शनपर्यंत

पेट्रोल इंजिनाच्या इतिहासात वेग आणि ताकद यांना जेवढी पाने मिळाली, तेवढी त्याच्या रिकाम्या चालीला मिळालेली नाहीत. गाडी उभी आहे, गिअर सुटलेला आहे, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही आणि तरीही इंजिन स्वतःच्या घर्षणापुरते काम करीत संथपणे फिरत आहे, या अवस्थेला अभियांत्रिकीत आयडलिंग म्हणतात आणि महाराष्ट्रातील गॅरेजांत तिला नुसते ‘स्लो’ म्हणतात. या अवस्थेत इंजिनाकडून कोणतेही उपयुक्त काम घेतले जात नसल्यामुळे ती दुय्यम वाटते. परंतु हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण राखणे सर्वांत कठीण जाते ते येथेच, आणि पेट्रोल इंजेक्शन सर्वसामान्य मोटारीपर्यंत का पोहोचले याचे उत्तर शर्यतीच्या मैदानापेक्षा या रिकाम्या चालीत आणि तिच्यातून निघणाऱ्या धुरात अधिक सापडते.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते; हेच माप आकारमानात मांडले तर एक लिटर पेट्रोलसाठी साधारण ९,००० लिटर हवा इंजिनाने ओढावी लागते. यापेक्षा पेट्रोल जास्त असेल तर मिश्रण ‘रिच’ आणि कमी असेल तर ‘लीन’ समजले जाते. रिच मिश्रणात प्राणवायू अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि अर्धवट जळालेले इंधन बाहेर पडते, तर फार लीन मिश्रण पेटतच नाही आणि इंजिन ठोके चुकवू लागते, ज्याला मेकॅनिक ‘मिसिंग’ म्हणतात. स्लोवर चालणाऱ्या इंजिनाची अडचण अशी की हवेच्या वाटेतील फिरती पाकळी, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ बंद असते, आतील दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे एकतृतीयांशावर उतरलेला असतो, आणि त्यामुळे आधीच्या ठोक्यातील जळका वायू पूर्णपणे बाहेर न जाता सिलिंडरमध्ये रेंगाळतो व ताज्या मिश्रणात मिसळतो. अशा पातळ झालेल्या मिश्रणाने नियमित पेट घ्यावा म्हणून पूर्वीच्या इंजिनांना स्लोवर मुद्दाम थोडे जास्त पेट्रोल द्यावे लागे. म्हणजे ज्या वेळी गाडीला इंधनाची गरज सर्वांत कमी, त्याच वेळी त्यातील पेट्रोलचे प्रमाण गरजेहून अधिक ठेवणे भाग होते.

अगदी आरंभीच्या मोटारींत हा प्रश्न एवढा तीव्र नव्हता, कारण त्यांच्या इंजिनांचा वेग बराचसा ठरावीक असे. कार्ल बेन्झच्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळण्याची युक्ती होती. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा हवेच्या झोतात सोडण्याची पद्धत आणली, आणि पुढच्या शंभर वर्षांचा कार्बोरेटर तिच्यातूनच घडला. त्याचे तत्त्व साधे आहे: मधेच अरुंद केलेल्या नळीतून हवा वेगाने जाताना तेथील दाब घटतो आणि शेजारच्या वाटीतील पेट्रोल आपोआप ओढले जाते. हवेचा वेग वाढला की पेट्रोल वाढते. पण थ्रॉटल मिटल्यावर त्या नळीतून वाहणारी हवा इतकी मंदावते की मुख्य छिद्रातून, म्हणजे मेन जेटमधून, पेट्रोल वर चढतच नाही. म्हणून कार्बोरेटर बनविणाऱ्यांना एकाच भांड्यात दुसरा छोटा कार्बोरेटर दडवावा लागला: थ्रॉटलच्या पलीकडे, जेथे इंजिनाची ओढ सर्वांत जास्त असते, तेथे एक सूक्ष्म छिद्र, त्याला पेट्रोल पुरविणारा स्वतंत्र पायलट जेट, त्यात मिसळणाऱ्या हवेची वाट, आणि या सर्वांवर हुकमत ठेवणारा एक स्क्रू. थ्रॉटल उघडू लागताच पायलटकडून मेन जेटकडे कारभार सोपविताना मधे खंड पडू नये म्हणून पाकळीच्या कडेजवळ आणखी दोन-तीन छिद्रे पाडलेली असत, आणि त्यांतील एखादे कचऱ्याने तुंबले की गाडी स्लोवर ठीक पण निघताना गचके खाणारी अशी होई.

या स्क्रूभोवती एक कसब उभे राहिले आणि भारतात ते एकविसाव्या शतकातही टिकले. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या पद्मिनीवर सोलेक्स पद्धतीचा कार्बोरेटर असे आणि स्कूटर-मोटारसायकलींवर त्याहून लहान, सरकत्या थ्रॉटलचे कार्बोरेटर असत. दोन्हींचा स्लो बसविण्याची रीत मात्र मूलतः एकच होती. इंजिन आधी पुरेसे गरम होऊ द्यायचे, मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून तेथून साधारण दीड आटा सोडायचा, मग इंजिन चालू असताना तोच स्क्रू पाव-पाव आट्याने पुढेमागे करीत ज्या ठिकाणी वेग सर्वांत चढतो आणि आवाज सर्वांत एकसारखा होतो तेथे थांबायचे, आणि त्यानंतर थ्रॉटलला टेकवलेला दुसरा स्क्रू सोडून वाढलेला वेग मोटारीसाठी मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या किंवा मोटारसायकलीसाठी १,४०० फेऱ्यांच्या आसपास खाली आणायचा. हे करताना मेकॅनिकजवळ बहुधा एक स्क्रूड्रायव्हर आणि कान याशिवाय काही नसे. त्यातही एक बारकावा असा की स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाची वाट अडवतो आणि आवळल्यावर लीन होते, पण एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो फक्त हवा अडवतो आणि आवळल्यावर उलट रिच होते. हा फरक ज्याला हातानेच कळत असे तो कारागीर, आणि ज्याला कळत नसे तो दिवसभर एकाच गाडीशी झगडत बसे. या कसबाला कमी लेखण्याचे कारण नाही. इंजिनाच्या आवाजातून मिश्रणाचे प्रमाण ओळखणे हे खरे मोजमापच होते, फक्त त्याची नोंद कोठे होत नव्हती.

‘इंजेक्शन’ हा शब्द मात्र महाराष्ट्राला पेट्रोलच्या आधी डिझेलमुळे परिचित झाला. १९२७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने डिझेलचे इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. भारतात त्याच कंपनीशी संबंधित मायको १९५१ साली स्थापन झाली आणि पुढे तिचा कारखाना नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची डिझेल इंजिने विहिरींवर पोहोचली आणि ट्रकच्या पंप-नोझल दुरुस्तीची स्वतंत्र दुकाने तालुक्याच्या गावीही दिसू लागली. परंतु डिझेलच्या इंजेक्शनपुढचा प्रश्न वेगळा होता. डिझेल इंजिनात हवेची वाट अडविण्याची आवश्यकता नसते, हवा नेहमी भरपूर असते आणि वेग कमी-अधिक करण्यासाठी फक्त इंधन बदलले जाते, त्यामुळे स्लोवर मिश्रणाचे गुणोत्तर सांभाळण्याचा प्रश्न तेथे येत नाही. तेथे भीती असते ती भार सुटताच इंजिन पळत सुटण्याची किंवा बंद पडण्याची, आणि तिच्यासाठी पंपावर गव्हर्नर, म्हणजे फिरत्या वजनांच्या साहाय्याने वेग राखणारे यंत्र, बसविलेले असते. पेट्रोल इंजिनाला गव्हर्नर पुरत नाही. त्याला इंधनाबरोबर हवाही मोजावी लागते.

पेट्रोल इंजेक्शनचा पहिला मोठा वापर विमानांत झाला, कारण विमान उलटेसुलटे झाले तरी इंजेक्शन बंद पडत नसे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन डेम्लर-बेन्झ इंजिनांत ते होते, तर ब्रिटिश मर्लिन इंजिनांचा कार्बोरेटर विमानाने नाक खाली घालताच क्षणभर पेट्रोल तोडत असे. त्यावर बिआट्रिस शिलिंग या अभियंतीने १९४१ साली पेट्रोलचा पुरवठा बेताने अडविणारी एक छोटी छिद्राची चकती सुचविली. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या मोटारीत हेच यांत्रिक इंजेक्शन रस्त्यावर आले आणि तिला मोठी ताकद मिळाली. मात्र इग्निशन बंद केल्यावर इंजिन थांबेपर्यंतच्या काही फेऱ्यांत तिचा पंप पेट्रोल सोडतच राही व ते सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन नेई. जोराने धावण्यासाठी घडविलेली यंत्रणा संथ चालण्यात आणि थांबण्यात किती अनघड असू शकते, याचे हे उघड उदाहरण होय.

परिस्थिती पालटली ती लॉस एंजेलिसच्या धुरकटलेल्या आकाशामुळे. १९५० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की मोटारींतून निघणारे न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडून डोळे चुरचुरविणारा तो धूर तयार होतो. सिग्नलपाशी उभ्या राहिलेल्या हजारो गाड्यांची रिकामी चाल त्यानंतर ज्याच्या त्याच्या सोयीची बाब राहिली नाही. १९६० च्या दशकात आधी कॅलिफोर्नियाने आणि नंतर संपूर्ण अमेरिकेने धुराच्या मर्यादा ठरविल्या, आणि तेथे गाड्या विकणाऱ्या जर्मन कंपन्यांना मिश्रण अधिक काटेकोर राखणे भाग पडले. विजेने उघडझाप करणाऱ्या इंजेक्टरची कल्पना अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७ च्या सुमारास इलेक्ट्रोजेक्टर या नावाने मांडली होती, पण त्या काळचे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मोटारीतील उष्णता आणि हादरे सोसू शकले नाहीत आणि ज्या मोजक्या गाड्यांत ती यंत्रणा बसली त्यांतील बहुतेकांना पुन्हा कार्बोरेटर बसवावा लागला. तीच कल्पना हाती घेऊन बॉशने १९६७ साली डी-जेट्रॉनिक ही यंत्रणा फोक्सवॅगन १६०० वर आणली.

डी-जेट्रॉनिकमधील ‘डी’ हे दाब या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होते, कारण ती थ्रॉटलच्या पलीकडचा दाब मोजून हवा किती आली याचा अंदाज घेई आणि त्यानुसार इंजेक्टर किती वेळ उघडे ठेवायचे ते ठरवी. पेट्रोलचा दाब कायम ठेवलेला असल्यामुळे उघडे राहण्याचा काळ म्हणजेच पेट्रोलचे माप, हे या पद्धतीचे मर्म आहे. बहुतेक इलेक्ट्रॉनिक इंजेक्शने आजही याच मर्मावर चालतात. स्लोची कठीणता येथे नव्या रूपात पुन्हा समोर येते: चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे फिरत असता एका सिलिंडरला दर दोन फेऱ्यांनी, म्हणजे सुमारे १५० मिलिसेकंदांनी, एकदा पेट्रोल मिळते आणि त्यासाठी इंजेक्टर जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडतो. त्यातील जवळपास एक मिलिसेकंद इंजेक्टरची सुई जागची हलण्यातच जातो, आणि बॅटरीचा दाब उतरला की तो वेळ आणखी लांबतो. जोरात धावताना ही चूक पोटात खपून जाते, पण स्लोवर मूळ मापच एवढे लहान असते की अर्ध्या मिलिसेकंदाच्या फरकानेही मिश्रण बिघडते. म्हणूनच की काय, डी-जेट्रॉनिकच्या पुढील काही आवृत्त्यांत इलेक्ट्रॉनिक पेटीच्या बाजूला एक छोटी फिरकी ठेवलेली होती, आणि तिचा परिणाम केवळ स्लोच्या मिश्रणावर होई. कार्बोरेटरचा स्क्रू पेट्रोलच्या वाटेतून उठून विजेच्या वाटेत जाऊन बसला होता, पण मनुष्याच्या बोटांची गरज अजून संपली नव्हती.

१९७३ साली आलेल्या दोन यंत्रणांनी दाबाऐवजी प्रत्यक्ष हवा मोजण्याचा मार्ग धरला. के-जेट्रॉनिकमध्ये हवेच्या झोताने उचलली जाणारी एक तबकडी पेट्रोलच्या वाटपावर थेट नियंत्रण ठेवी आणि पेट्रोल अखंड फवारले जाई. तिच्यावरील मिश्रणाचा स्क्रू बारीक अ‍ॅलन-कीने फिरवावा लागे आणि कोणीही सहज फिरवू नये म्हणून त्यावर बूच मारलेले असे. एल-जेट्रॉनिकमध्ये हवेच्या वाटेत स्प्रिंगने धरलेली एक झडप असे आणि ती किती ढकलली गेली यावरून इलेक्ट्रॉनिक पेटी पेट्रोल ठरवी. या दोन पद्धती आणि दाब मोजणारी पद्धत यांच्यातील भेद दुरुस्ती करणाऱ्यांना आजही कामी येतो. थ्रॉटलच्या पुढे एखाद्या नळीला चीर पडून चोरटी हवा आत शिरू लागली, तर हवा मोजणाऱ्या यंत्रणेला ती दिसत नाही, ती हिशेबाबाहेरची ठरते आणि मिश्रण लीन होऊन स्लो थरथरू लागतो. उलट दाब मोजणारी यंत्रणा त्याच हवेने वाढलेला दाब ओळखते, त्या प्रमाणात पेट्रोल वाढविते आणि मिश्रण ठीक राहून केवळ स्लोचा वेग चढतो. दोष तोच, पण त्याची खूण मोजमापाच्या पद्धतीनुसार बदलते.

यानंतरचे पाऊल या इतिहासात सर्वांत मोठे मानावे लागेल. १९७६ साली व्होल्वोच्या २४० मालिकेत, कॅलिफोर्नियात जाणाऱ्या गाड्यांवर, सायलेन्सरच्या नळीत बॉशचा लॅम्डा सेन्सर बसविण्यात आला. झिर्कोनिया या सिरॅमिक पदार्थापासून बनलेला हा सेन्सर जळून गेलेल्या वायूतील उरलेल्या प्राणवायूची बाहेरच्या हवेशी तुलना करतो. मिश्रण रिच असेल तर तो सुमारे ०.९ व्होल्ट देतो, लीन असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, आणि हा बदल बरोबर १४.७ च्या गुणोत्तरापाशी एकदम घडतो. तोवरची प्रत्येक यंत्रणा, मग ती कार्बोरेटर असो वा इंजेक्शन, आत जाणाऱ्या हवेवरून पेट्रोलचा अंदाज करीत होती. आता प्रथमच ज्वलनाचा निकाल पाहून माप सुधारता येऊ लागले. इंजेक्शनची पेटी पेट्रोल किंचित वाढविते, सेन्सर रिच म्हणतो, ती किंचित कमी करते, सेन्सर लीन म्हणतो, आणि असे हेलकावे घेत मिश्रण योग्य गुणोत्तराच्या अवतीभवती राखले जाते. तीन घातक वायूंचे एकाच वेळी निर्दोष वायूंत रूपांतर करणारा उत्प्रेरक, ज्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात, याच अरुंद पट्ट्यात नीट काम करतो, त्यामुळे दोघांची जोडी अटळ झाली. स्लोने मात्र येथेही अडचण उभी केली: सेन्सरला काम करण्यासाठी ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते आणि रिकाम्या चालीत धूर इतका कमी व थंड असतो की सेन्सर निवू लागतो, यावर पुढे सेन्सरच्या आत विजेचा हीटर घालण्याचा उपाय निघाला.

मिश्रण असे यंत्राच्या हाती गेल्यावर स्लोचा वेगही त्याच्याकडे सोपविणे शक्य झाले. कार्बोरेटरमध्ये वेग आणि मिश्रण एकमेकांत गुंतलेले असत, एक स्क्रू हलविला की दुसरा पुन्हा बघावा लागे, आणि थंडीच्या सकाळी चोक ओढून गाडी चालू केल्यावर तो हळूहळू परत ढकलण्याचे भान चालकालाच ठेवावे लागे. इंजेक्शनच्या गाडीत थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायचे काम तापमानाचा सेन्सर पाहून पेटी करते, थ्रॉटलला वळसा घालून येणारी हवा एक छोटी मोटर कमी-अधिक करते, आणि वेग क्षणात सावरायचा असेल तर ठिणगी काही अंश आधी किंवा उशिरा पाडली जाते. एअर कंडिशनर चालू केल्यावर गाडीचा स्लो क्षणभर दबून पुन्हा जागेवर येतो, त्यामागे या तिन्ही क्रिया घडलेल्या असतात. पुढे थ्रॉटलच विजेच्या मोटरने फिरू लागल्यावर वळशाची वेगळी वाटही अनावश्यक झाली.

भारतात स्लो हा कायद्याचा विषय झाला तो १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी. त्यांनुसार रिकाम्या चालीत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण चारचाकी पेट्रोल वाहनांना ३ टक्के आणि दुचाकी-तीनचाकींना ४.५ टक्के यांहून अधिक नसावे असे ठरले, आणि पीयूसीची तपासणी, म्हणजे सायलेन्सरमध्ये नळी घालून वायू मोजणे, घराघरात माहीत झाली. मोजणी स्लोवरच होत असल्यामुळे तपासणीपुरता मिश्रणाचा स्क्रू लीन बाजूला फिरवून घ्यायचा आणि प्रमाणपत्र हाती पडल्यावर गाडी पुन्हा ‘नीट’ करून घ्यायची, हा प्रघात कार्बोरेटरच्या रचनेमुळेच शक्य होता. एका स्क्रूवर विसंबलेला कोणताही नियम या दुबळेपणापासून सुटू शकत नव्हता. खऱ्या उपायासाठी पेट्रोल बदलावे लागले, कारण शिसे घातलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि लॅम्डा सेन्सर या दोघांनाही निकामी करते. १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० सालापर्यंत देशभर शिसे बंद झाले. १९९९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरोपीय धर्तीच्या मर्यादांची मुदत अलीकडे खेचली, आणि मारुती ८०० सारख्या सामान्य कुटुंबाच्या गाडीवरही इंजेक्शन आले. एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असणारी पद्धत, हा शब्द त्या सुमारास गाड्यांच्या मागच्या काचेवर चिकटलेला दिसू लागला. २००४ पासून नव्या मानकांच्या चारचाकींना स्लोवरील मर्यादा ३ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली, आणि ती गाठणे स्क्रूच्या आवाक्याबाहेरचे होते.

दुचाकींचा प्रवास असा सरळ झाला नाही. २००६ साली हीरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, २००७ साली बजाज ऑटोने चाकणहून पल्सर २२० डीटीएस-एफआय बाजारात आणली, पण २००९ च्या आवृत्तीत त्याच पल्सरवर पुन्हा कार्बोरेटर बसला आणि तिची किंमतही खाली आली. या माघारीचा अर्थ लावताना तिला अज्ञान समजणे चुकीचे ठरेल. लहान इंजिनाला पंप, इंजेक्टर, सेन्सर आणि पेटी यांचा खर्च जड जातो, गावातील कोणताही मेकॅनिक कार्बोरेटर रॉकेलने धुऊन तासाभरात गाडी चालू करून देतो, आणि त्या काळच्या मर्यादा चांगल्या कार्बोरेटरलाही पाळता येत होत्या. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था, आणि तिच्यासारख्या प्रयोगशाळांत ज्या चाचण्या होतात त्या १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा, म्हणजे भारत स्टेज-सहा या धुराच्या मानकांनुसार झाल्या, तेव्हा मात्र हा तोल इंजेक्शनच्या बाजूला झुकला आणि बहुतेक दुचाकींवरून जुना कार्बोरेटर उतरला.

त्यानंतरच्या गॅरेजात स्लो फिरवायला स्क्रूच नसतो. थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला काजळी साचून हवेची फट आकसली की गाडी सिग्नलला बंद पडू लागते. काजळी पुसली की पेटीने जुन्या फटीप्रमाणे शिकून ठेवलेले माप आता जास्त ठरते आणि नवे माप शिकेपर्यंत स्लो चढलेला राहतो. स्कॅनर जोडला की फ्युएल ट्रिम, म्हणजे पेटीने मूळ हिशेबात किती टक्के पेट्रोल वाढविले वा घटविले, ते पडद्यावर दिसते. तेथे अधिक २० टक्के असा आकडा उमटला तर कोठूनतरी चोरटी हवा आत येत आहे किंवा पेट्रोल कमी पडत आहे एवढेच कळते. कोठून, ते कळत नाही. तेव्हा मेकॅनिक इंजिन स्लोवर ठेवतो, क्लीनरच्या स्प्रेची बारीक धार एकेका जोडावर आणि रबरी नळीवर जपून सोडत जातो, आणि ज्या ठिकाणी धार पडताच इंजिनाचा आवाज बदलतो तेथे थांबतो.